कोपऱ्याला कोपरा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय घरातल्या चिमुकल्यांच्या बोटांबद्दल, तीन ते सहा वर्षांच्या. खेळ कागदाच्या घड्यांचा, सामान काय, तर एक कागद. बस.

आता माझ्या नातवाचंच घ्या. साडेचार वर्षांचा, मोबाइलवर बोट सरसर फिरतं, पण शर्टाचं बटण म्हटलं की छाती पुढे करून उभा, लाव आजी. पेन्सिल धरायची ती पण मुठीत. मागच्या पावसाळ्यात त्याला घेऊन नमकीनवाल्याकडे गेले, लौंग सेव, म्हणजे लवंग घातलेली शेव, घ्यायला (पोह्यांवर हीच हवी, बारीक सेव लगेच भिजते, आमच्या घरी कुणाला पटत नाही ते सोडा). त्या भैयांनी कोरा कागद गर्रकन गुंडाळून पुडी केली, खालचं टोक मुडपलं, सेव भरली, वरचं पान आत खोचलं. नातू बघतच राहिला. म्हणे, आजी, मला पण! दुकानात ही गर्दी, तरी भैयांनी त्याच्या हातात कागद दिला, "ले भिया, तू बना." याने बनवली, त्यांनी मूठभर सेव टाकली, ती सगळी खालून काउंटरवर. मी हात घालायला गेले तर मलाच म्हणाले, "माताजी, आप रहने दो."

मग काय, घरी जुन्या कॅलेंडरची पानं आणि फुटाणे. आठवडाभर फुटाणे सोफ्याखाली. आणि एक दिवस यानं टोक दुमडलं, अंगठ्याच्या नखानं दाबलं, अन् फुटाणे आतच राहिले!

तर ते नखानं दाबणं, तेच महत्त्वाचं. एक हात कागद धरतो, दुसरा दाबतो. पुन्हा सांगते, एक धरतो, दुसरा दाबतो. बटणाला हेच लागतं, आणि पेन्सिलीला अंगठा न् पहिलं बोट. जर्मनीत फ्रोबेल यांनी 1837 मध्ये लहान मुलांची शाळा काढली, त्यांच्या पद्धतीतही कागदाच्या घड्या होत्याच, आणि आपण महागडे किट मागवतो, त्यातली अर्धी खेळणी दिवाळीच्या साफसफाईत कबाड्याकडे.

तीन वर्षांच्याला नुसती अर्धी घडी पुरे, वाकडी का होईना. कोपऱ्याला कोपरा जुळवणं चार-पाच वर्षांनंतर. कागद पातळ घ्या, पुठ्ठा नको. आणि घडी तुम्ही दाबून देऊ नका बरं का, त्यालाच दाबू द्या.

काल आमच्या या छोट्या साहेबांनी, नातवानं, शर्टाची सगळी बटणं स्वतः लावली. एक काज चुकवून. तसेच शाळेत गेले.