वळणाचं पाणी

(पहाट. पांझरा नदीवरचा दगडी बंधारा. पाण्याचा आवाज आधी, चित्र नंतर.)

साक्री तालुक्यातली पहाट. बांधावर दोन माणसं उभी आहेत. एकाच्या हातात फावडं, दुसऱ्याचे हात मोकळे. गंमत अशी की शेत त्या मोकळ्या हातांच्या माणसाचं आहे. पाणी त्याच्या गव्हात शिरतंय, पण शिरवणारा दुसराच. त्याला म्हणतात पाटकरी. मालकाने उठून स्वतः बारं, म्हणजे शेतात पाणी घ्यायचं तोंड, फोडायचं नाही. शेत त्याचं, पाणी फडाचं, म्हणजे गावाने मिळून वाटायचं.

इथे शिस्त हा शब्द कोणी उच्चारत नाही. आपण निघालोय त्याच शब्दाच्या शोधात, म्हणून सुरुवात मुद्दाम इथून.

(शाळेची भिंत. ऑइलपेंटने रंगवलेली अक्षरं. घंटा.)

हा शब्द आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो असा, भिंतीवर. मग पेपरात. समानार्थी शब्द लिहा : शिस्त. उत्तर, अनुशासन. विरुद्धार्थी शब्द लिहा. उत्तर, बेशिस्त. दोन गुण, पुढचा प्रश्न. खरं सांगायचं तर बेशिस्त हे उत्तर नव्हेच. त्याच शब्दाच्या डोक्यावर 'बे'ची टोपी ठेवली, एवढंच.

(धुळे. राजवाडे संशोधन मंडळाची इमारत.)

शब्दांची मुळं खणायला धुळ्यासारखं गाव नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे इथेच गेले, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. दप्तरांइतकंच वेड त्यांना व्युत्पत्तीचं होतं. मराठी धातूंचा त्यांचा कोश त्यांच्या पश्चात इथल्याच मंडळाने छापला.

शिस्त शब्दाचं मूळ फारसीत सापडतं. तिथे शस्त म्हणजे अंगठा. तीरंदाज अंगठ्यात जे कडं घालतो तेही शस्त, मासे धरायचा गळही शस्त, आणि धरलेला नेमही. मराठीने यातला नेम उचलला. शिस्त धरून गोळी घातली, असं जुनी मराठी बोलायची. म्हणजे या शब्दाच्या जन्मात छडी कुठेच नाही. एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला, बंदुकीची माशी आणि निशाण एका रेषेत. पुढे त्या रेषेत माणसं उभी राहिली आणि नेमाची रांग झाली असावी.

(धरणगाव. बाजारपेठेतला सकाळचा रस्ता.)

रांगेचा इतिहास खानदेशात फार लांब नाही. १८१८ साली हा मुलूख कंपनी सरकारकडे गेला, आणि सातपुड्यातले, सातमाळ्यातले भिल्ल काही केल्या आवरेनात. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. आधी त्यांच्यासोबत शिकारीला गेला, विश्वास मिळवला, मग कवायत.

कवायत मूळची अरबी. कायदा या शब्दाचं तिथलं अनेकवचन कवाइद, त्याचीच आपण कवायत केली. एक कायदा, अनेक कवायती! ज्यांच्या नेमाला तोड नव्हती त्या तीरंदाजांना शिस्त शिकवायला निघालेली माणसं... शब्दाचा जुना अर्थ ठाऊक असता तर जरा थबकली असती.

(धुळे कारागृहाची भिंत, बाहेरून.)

आता अनुशासन. संस्कृतात शास् हा धातू आहे : शिकवणं, आज्ञा देणं, दंड करणं, तिन्ही एकत्र. त्यातूनच शासन आलं, शास्त्र आलं आणि शिष्यही आला. इंग्रजीतल्या डिसिप्लिनच्या मुळाशीही लॅटिनमधला शिष्यच बसलाय, म्हणून त्या एका शब्दात वळणही मावतं आणि विद्याशाखाही. आपल्याकडे रसायनशास्त्राला कोणी शिस्त म्हणत नाही. तिथे शास्त्र वेगळं निघालं, शिस्त वेगळी राहिली.

१९३२ साली या भिंतीआड विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. शिक्षा भोगणारे दोन कैदी, आणि चाललंय शिक्षण. शिक्षा हा शब्दही असाच घसरलेला. संस्कृतात, हिंदीत ती विद्या. मराठीत ती मिळते किंवा होते, आणि मिळाल्याचा आनंद कोणाला नसतो.

याच विनोबांच्या नावावर १९७५ मध्ये 'अनुशासन पर्व' हे शब्द चिकटले. आणीबाणीच्या बाजूने ते मिरवले गेले. पुढे विनोबांनी फरक सांगितला, सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन, आचार्यांचं ते अनुशासन. तोवर फलक रंगवून झाले होते. तेव्हापासून त्या शब्दाला सरकारी वास येतो. निदान मला येतो.

(अजिंठ्याचं विहार. दगडी ओटे.)

एक थांबा छोटाच. अजिंठा कागदावर पलीकडच्या जिल्ह्यात आहे, जळगावकर ते मनावर घेत नाहीत. या खोल्यांत राहणाऱ्या भिक्षूंच्या नियमांचं नाव होतं विनय. पालीत विनय म्हणजे शिस्त, आपल्याकडे उरली नम्रता.

(पोळा. शिंगं रंगवलेले बैल, घुंगरमाळा.)

विरुद्धार्थी शब्दांकडे आलो की मराठी एकदम गोठ्यात शिरते. बेलगाम म्हणजे लगाम नसलेला. मोकाट म्हणजे सुटं जनावर. उधळलेला, दावं तोडलेला, वेसण नसलेला. संस्कृतातून आलेला भारदस्त उच्छृंखलसुद्धा पाहा, शृंखला म्हणजे साखळी, ती तोडून निघालेला. बेबंद म्हणजे ज्याला बंद नाही. एका माणसाचा बेशिस्तपणा ठीक, पण सगळं कार्यालयच सुटलं की अंदाधुंदी, अनागोंदी, सावळागोंधळ. आपल्याकडे या शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता.

समानार्थी म्हणून पाठ करतो ते शब्दही एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जरब दुसऱ्याच्या डोळ्यात असते, धाक आपल्या पोटात. संयम आपला आपण. टापटीप वस्तूंची. शिरस्ता कचेरीचा, आणि तो कोणी का घातला हे कचेरीलाही आठवत नाही. चाकोरी तर बिचारी बैलगाडीच्या चाकाने पडलेली वाट. चिखलात तीच गाडी तारायची, आता मात्र चाकोरीबाहेर पडणाऱ्याचा सत्कार होतो. आणि जळगावच्या कॉलेजकट्ट्यावर कोणी म्हणालं, शिस्तीत ये, तर तो रांगेत ये म्हणत नसतो. घाई करू नको, नीट ये, असं काळजीने सांगत असतो.

(अमळनेर. प्रताप हायस्कूलचा परिसर.)

उरला तो शब्द वळण. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथे शिक्षक होते, छात्रालयही सांभाळत. मुलांनी खोली झाडली नाही तर स्वतः झाडायचे, कपडे धुऊन घड्या घालून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मूल लाजून स्वतःच उठायचं. याला शिस्त लावणं म्हणताना जीभ अडखळते. वळण लावणं, असंच तोंडात येतं.

वळण अक्षराला असतं, रस्त्याला असतं, घराण्याला असतं. शिस्त वाईट असूच शकत नाही, वाईट शिस्त असं कोणी म्हणत नाही. वाईट वळण मात्र लागतं. आणि बेवळण असा शब्द मराठीत नाही. खानदेशी बोलीत ळचा हळूच य होतो, शाळेची शाया, पोळ्याचा पोया. तसं आजीच्या तोंडी वळणाचं वयन होतं, आणि ते पोराला नाही म्हणून ती त्याच्या बापाकडे बघते.

(पुन्हा पांझरा. कालवा, चारी, शेतं. वरून दृश्य.)

फडाचं सगळं शास्त्र वळणाचं. बंधाऱ्याने पाणी अडतं, कालव्यात वळतं. कालवा दोन किलोमीटरपासून बाराएक किलोमीटरपर्यंत. त्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतापर्यंत सारंग. जमिनीचे भाग पाडलेले, तेच फड. कुठे दहा हेक्टरचा, कुठे दोनशेचा. एका फडात एकच पीक. उसाचा फड ठरला की सगळ्यांचा ऊस, गव्हाचा ठरला की गहू, मग मालक पन्नास असोत. शेजाऱ्याने ऊस लावला आणि मधोमध तुमची ज्वारी राहिली, तर पाण्याच्या पाळीत ती बुडेल. ठरवतं गाव, दर वर्षी, आणि पिकं फडांतून फिरत राहतात. वर देखरेखीला हवालदार, पाण्याला पाटकरी, राखणीला जागल्या. मोकाट हा शब्द जागल्याच्या रोजच्या कामातला. फडात शिरलेलं जनावर हाकलायचं, ही त्याची नोकरी.

पांझरा, मोसम, आराम, तिन्ही नद्यांवर तीनचारशे वर्षं हे चाललं. मग विहिरी आल्या, मोटारी आल्या, बटण दाबलं की पाणी. पाळी कोणासाठी धरायची? पांझरेवर लाटीपाडा धरण झालं, अक्कलपाडा धरण झालं. बरेच फड मोडले. कुठे पीक ज्याचं त्याने ठरवायला सुरुवात केली, कुठे पाटकरी मिळेना. जे टिकलेत ते तुकड्यातुकड्यांनी.

(उजाडलंय. तीच दोन माणसं.)

गव्हाचा वाफा भरला. पाटकऱ्याने दोन फावडी चिखल ओढला, इकडचं बारं बुजवलं, पलीकडचं उघडलं. मालकाने एकदा खाली वाकून माती दाबून पाहिली, मान हलवली, आणि खिशातून तंबाखूची पुडी काढून पाटकऱ्यापुढे धरली. पाणी तोवर शेजारच्या शेतात पोचलंय. तिथला मालक अजून आलेलाच नाही.