पावसाळाभर उभी राहिलेली मिनीबाईक: चालू करायच्या आधी काय बघायचं, काय बदलायचं

नमस्कार मंडळी. आजचा व्हिडिओ ह्या मिनीबाईकवर आहे. घरी पाईप कापून, वेल्ड करून बनवलेली गाडी आहे, इंजिन आंब्याच्या फवारणी पंपाचं, होंडाचं जीएक्स१६०, १६३ सीसी, आणि ही मिरगापासून दसऱ्यापर्यंत मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, ताडपत्रीखाली उभी होती. देवगड-मालवण पट्ट्यात ज्यांच्या बागा आहेत त्यांच्याकडे असं एखादं इंजिन कोपऱ्यात पडलेलं असतंच, पंप गेलेला असतो पण इंजिन ठणठणीत असतं, आणि पोरं त्याच्यावर मिनीबाईक करायला घेतात. करावीच, माझं स्पष्ट मत आहे, हाताने एवढं शिकवणारी दुसरी वस्तू नाही. फक्त बाहेरचे जे व्हिडिओ बघून आपण करतो ना, ते पहिल्या मिनिटापासून पॉवर कशी वाढवायची तेच सांगतात, आणि आपल्याकडे खारा वारा आणि चार महिने ओल, त्यामुळे इथला क्रम वेगळा लागतो. आधी गंज, मग ब्रेक आणि चेन, पॉवरचं नंतर बघू.

तर फ्रेमपासून सुरू करतो. (कॅमेरा खाली, इंजिनच्या प्लेटवर) हे बघा, इंजिनची प्लेट जिथे खालच्या पाईपला वेल्ड केली आहे तिथे रंगावर ही केसाएवढी तपकिरी रेघ दिसते का? जवळून बघा. रंग कुठेही उडालेला नाही, नख फिरवलं तर लागतही नाही, पण रेघ सरळ वेल्डच्या कडेकडेने गेली आहे. हा वरवरचा गंज नाही, ही चीर आहे. सिंगल सिलिंडर इंजिनची थरथर सगळी ह्याच जागी येते, चीर पडली की त्यातून ओल आत जाते आणि आतला गंज असा बाहेर पाझरतो. ह्याच्यावर नुसता वेल्डिंगचा एक थर मारून पुढे जायचं नाही, खालची चीर तशीच राहते आणि पुढच्या खड्ड्यात परत उघडते. चीर जिथे संपते त्याच्या थोडं पुढे ३ मिलिमीटरचं भोक मारायचं म्हणजे ती पुढे पळत नाही, मग ग्राइंडरने पूर्ण खोलीपर्यंत खोदून काढायची, मग वेल्ड भरायचं आणि वरून तिकोनी पट्टी टाकायची. हे करताना इंजिन उतरवून ठेवा, आणि पेट्रोलची टाकी मांगराच्या बाहेर, लांब. टाकी रिकामी आहे म्हणून चालेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त पेटते.

आणि पाईपचं सांगायचं राहिलं. विहिरीच्या लाईनचा जीआय पाईप घरात शिल्लक असतो म्हणून तोच वापरतात, पण त्याच्यावर जस्ताचा थर असतो, वेल्ड करताना पांढरा धूर निघतो तो जस्ताचा, छातीत गेला तर संध्याकाळी थंडीताप भरतो. काळा, म्हणजे जस्त नसलेला, पाईप आणा. जीआयच वापरायचा असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा आणि काम उघड्यावर, वारा धूर तुमच्यापासून लांब नेईल असं उभं राहून करा. पाईपची उघडी तोंडं वेल्ड करून बंद करायची, नाहीतर फ्रेम आतून खात जाते आणि बाहेरचा रंग मात्र नवा दिसत राहतो.

आता इंजिन. चार महिने उभ्या इंजिनची दोरी ओढत बसू नका, आधी कार्बोरेटरच्या खालची वाटी काढा. पंपावर आता ई२० मिळतं, २० टक्के इथेनॉल, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आपल्याकडे तर हवेत ओलच ओल. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला बसतं. (वाटी कॅमेऱ्यासमोर) हे बघा, तळाला हे पांढरट, पिठासारखं जे चिकटलं आहे, हे तेच, ओलीने धातू खाल्ला आहे. मेन जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग, ह्याचा एक कण त्या भोकात बसला की इंजिन चोकवर चालतं आणि चोक काढला की बंद पडतं. जेट काढून उजेडासमोर धरा, भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. आत सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं, लाईटच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घ्या, ती मऊ असते, मग कार्ब क्लीनर मारा. आयडलचा, म्हणजे स्लो चालण्याचा, छोटा जेट वेगळा असतो, तोसुद्धा काढा, लोक तो विसरतात आणि मग गाडी स्लोला उभी राहत नाही म्हणतात. पेट्रोलचा पाईप वाकवून बघा, चिरा दिसल्या तर बदला, स्वस्त वस्तू आहे.

प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ऑइल १०डब्ल्यू-३०, साधारण ०.६ लिटर लागतं, लेव्हल बघताना इंजिन सपाट उभं पाहिजे आणि ऑइलची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. ऑइलबाबत एवढं नीट समजून घ्या की ह्या इंजिनात ऑइल पंपही नाही आणि फिल्टरही नाही, कनेक्टिंग रॉडच्या खाली एक जीभ असते ती फिरताना ऑइल उडवते, त्यावरच सगळं चालतं. त्यामुळे ऑइल वेळेवर बदलायचं, आणि सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, उतरणाऱ्या उभ्या घाटीत इंजिन तिरकं ठेवून फार वेळ रेटायचं नाही.

चेन. क्लच सेंट्रीफ्यूगल आहे, आरपीएम वाढले की आतले शू बाहेर सरकून ड्रमला धरतात. क्लचचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत हवीत, सरळ पट्टी लावून बघा, डोळ्याने अंदाज नको. आमच्या इथले लेथवाले काका एकच वाक्य बोलतात, "सरळ नाय तर चेन पडतली", आणि ते खरं आहे, एक-दोन मिलिमीटरचा फरक सुद्धा दात एका बाजूने खातो. मधोमध बोटाने दाबल्यावर चेन १०-१५ मिलिमीटर हलली पाहिजे. क्लचचा ड्रम निळा पडला असेल तर तो तापतो आहे, म्हणजे तुमचं गिअरिंग जड आहे.

आणि इथेच पॉवरचा विषय येतो. पुढे १२ दात, मागे ७२, म्हणजे सहास एक. इंजिन ३६००ला फिरलं तर चाक मिनिटाला ६०० फेरे मारतं, ९०/१००-१० चा टायर बाहेरून ४३ सेंटीमीटर धरला तर एका फेऱ्यात १.३५ मीटर, झाले ताशी ४८-४९ किलोमीटर. शॉकअप नसलेल्या, एवढुशा लांबीच्या गाडीला कातळावर हा स्पीड भरपूर आहे हो. मागे ६० दात लावले तर ५८ जाईल कागदावर, पण चढावर क्लच जळेल. मला विचाराल तर मागचे दात वाढवा, स्पीड थोडा जाईल पण गाडी चढाला जी उचलते ना, मजा त्यात आहे.

गव्हर्नर, म्हणजे इंजिनचे फेरे मर्यादेत ठेवणारा भाग, काढायचा का, हा प्रश्न येणारच. नाही. कंपनीने हे इंजिन साधारण ३६०० आरपीएमसाठी बनवलं आहे, गव्हर्नर काढला की ते मोकळं सुटतं, ५००० च्या वर जातं, आणि आतला कनेक्टिंग रॉड आणि फ्लायव्हील त्या फेऱ्यांसाठी केलेलेच नाहीत. रॉड तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो, फ्लायव्हील फुटलं तर तुकडे उडतात, आणि मिनीबाईकवर इंजिन कुठे असतं? तुमच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. कळवळून सांगतो, हे करू नका.

त्यापेक्षा तो वेळ ब्रेकवर घालवा. ड्रम उघडा, पावसाळ्यात लाइनर फुगतो किंवा ड्रमला चिकटतो, आतला गंज पॉलिश पेपरने काढा, कॅमला किंचित ग्रीस लावा, लाइनरला एक थेंबही लागता कामा नये. ब्रेकची वायर आतून गंजली असेल तर दाबल्यावर करकर जाणवते, सरळ बदला. इंजिनच्या स्टॉप स्विचची वायर हँडलपर्यंत आणून तिथे बंद करायचं बटण बसवा, थ्रॉटल अडकला तर तेवढंच वाचवतं. चेनवर गार्ड पाहिजेच, बोटं जातात.

चालवायची कुठे? स्वतःच्या किंवा परवानगी असलेल्या सड्यावर, हेल्मेट घालून. रस्त्यावर नाही, मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे रजिस्ट्रेशन लागतं, फक्त २५ सीसीपर्यंतच्या दुचाक्या त्यातून बाहेर आहेत, आपलं इंजिन १६३. आणि लहान पोराने रस्त्यावर नेली तर २०१९ च्या दुरुस्तीपासून पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. किनाऱ्यावर तर मुळीच नको. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात वेळास, आंजर्ले, गुहागर, वायंगणी, अशा किती किनाऱ्यांवर अंडी घालतात, घरटं वाळूखाली असतं, वरून काही कळत नाही आणि टायरने चिरडलं जातं. शिवाय ओली खारी वाळू चेनमध्ये आणि बेअरिंगमध्ये गेली की गाडीसुद्धा गेली.

पुढच्या मिरगाच्या आधी काय करायचं ते आत्ताच सांगून ठेवतो. पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटीचा बोल्ट खोलून उरलेलं काढा, टाकी रिकामी करा. प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा हळू ओढा, प्लग लावा, आणि परत दोरी सावकाश ओढत जिथे हाताला जोर लागतो तिथे थांबा. तिथे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओली हवा सिलिंडरमध्ये शिरत नाही. एसएसचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवले असतील तर काढून ग्रीस लावून परत घाला, खाऱ्या हवेत ते असे धरतात की शेवटी आटेच घेऊन येतात. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, आणि ताडपत्री जमिनीपर्यंत गुंडाळू नका, खालून वारा खेळू दे.

तुमच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटचे दात आणि टायरचा साईज खाली लिहा, चढ किती आहे तेही लिहा, मी गिअरिंगचं गणित करून उत्तर देतो. पुढच्या व्हिडिओत ही चीर खोदून वेल्ड करताना पूर्ण दाखवणार आहे. चला, भेटू.