एक धुरा कमी

(दृश्य: केळीची बाग, चिखलाचा शिवाररस्ता, डोक्यावर घड घेऊन येणारे मजूर)

सातपुडा आणि तापी यांच्या मधला हा यावल-रावेरचा पट्टा. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली जळगावची केळी ती इथली. माल इथून थेट दिल्लीपर्यंत जातो. अडतो तो बाग आणि डांबरी रस्ता यांच्यामधल्या तुकड्यात. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चाक धरून ठेवते. मोठा ट्रक बांधापर्यंत येत नाही. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून आणली तर ट्रॉलीच रुतते, कारण तिच्या चाकांना स्वतःची ताकद नसते. मग घड असे डोक्यावरून येतात. साल दुखावली की ती काळी पडते आणि भाव उतरतो, म्हणून एकेक घड जपून.

(दृश्य: गॅरेजचं आवार, उभा ट्रक)

हा ट्रक लष्कराच्या लिलावातला. तीन धुरे, म्हणजे ॲक्सल, आणि तिन्ही धुऱ्यांना इंजिनाची ताकद. पुढे एक, मागे जोडीनं दोन. चिखलात उतरायला याच्याहून चांगली गाडी कुठली, असं पाहणाऱ्याला वाटतं. पण मागच्या दोन धुऱ्यांमध्ये साधारण साडेचार फुटांचं अंतर आहे. गाडी वळते तेव्हा ते दोन्ही धुरे एकाच वळणावर बसत नाहीत, चाकं आडवी घासत जातात. डांबरावर टायर झिजतो, शेतात माती उखडते. आणि केळीच्या ओळी संपतात तिथे वळायला जागा मिळते ती ट्रॅक्टरपुरती.

जबलपूरला जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर बनलेला जुना शक्तिमान दोनच धुऱ्यांचा होता, चारही चाकांना ताकद असलेला. या गॅरेजच्या मिस्तरींना बागेतून घड काढायला गाडी हवी आहे ती त्या घडणीची. म्हणून मागचा एक धुरा निघणार.

(दृश्य: ओळंबा, फरशीवर खडूच्या खुणा, दोरी)

गॅस कटर अजून कोपऱ्यातच आहे. आधी ओळंबा. धुऱ्याच्या दोन्ही टोकांपासून ओळंबा सोडायचा आणि खाली फरशीवर खडूनं खूण करायची. मग पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत दोरी, आणि उलट बाजूनं दुसरी. दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. "आठे धर, आठे," म्हणजे इथे धर, मिस्तरी पुतण्याला सांगतात. तो दोरी सरकवतो, काका पुन्हा वाकून बघतात. इथे बोटभर फरक राहिला तर गाडी कायम तिरकी चालेल आणि टायर खात राहील. आवारातल्या या अर्ध्या तासात शाळेतली भूमिती आहे, आणि ती पाठ करून आलेली नाही.

(दृश्य: गाडीखालून, मागच्या दोन्ही धुऱ्यांचं जवळून चित्रण)

आता मुख्य प्रश्न: काढायचा कुठला? बघणारे सगळे शेवटच्या धुऱ्याकडे बोट दाखवतात. मिस्तरी मधला काढतात.

कारण या गाडीत इंजिनाची ताकद आधी मधल्या धुऱ्यात येते आणि तिथून पुढे शेवटच्या धुऱ्याकडे जाते. ती वाटून देणारा एक वेगळा डिफरन्शियल मधल्या धुऱ्याच्या तोंडाशीच बसवलेला असतो. शेवटचा धुरा काढून मधला ठेवला, तर मागे एक तोंड मोकळं राहतं. डिफरन्शियलचा स्वभाव असा, की जिकडे अडथळा नाही तिकडे तो फिरतो. मोकळं तोंड गरगर फिरेल, चाकं जागची हलणार नाहीत. तो लॉक करून काम भागवता येतं, पण तेवढे जास्तीचे गिअर कायम वाहत बसायचे. शेवटचा धुरा साधा. एका बाजूनं ताकद आत, दोन चाकांना बाहेर. तोच ठेवायचा.

अमेरिकी सैन्यात 1950 च्या सुमारास आलेला अडीचटनी एम-35 हा ट्रकही निवृत्त झाल्यावर हौशी लोक असाच आखूड करतात. त्याच्या मधल्या धुऱ्यात मात्र शाफ्ट सरळ आरपार जातो, ताकद वाटणारा डिफरन्शियल नाही. त्यामुळे तिथे मागचा काढून मधला ठेवला तरी गाडी चालते. गाडीचं पोट उघडून बघितल्याशिवाय कुठला धुरा हे ठरवता येत नाही. मिस्तरींनी ते उघडून बघितलं आहे.

(दृश्य: यू-बोल्ट सुटतात, जॅकवर तोललेला धुरा बाहेर सरकतो)

धुरा पाट्यांना आवळणाऱ्या यू-बोल्टवर वर्षांचा गंज. आधी डिझेल, मग पाना, शेवटी ग्राइंडर. धुरा शेकडो किलोंचा, आणि तो चार माणसं हातानं सांभाळत बाहेर काढताहेत.

एक धुरा निघाला की दुसराही उभा राहू शकत नाही. मागचे स्प्रिंगचे पाटे तराजूच्या दांडीसारखे मधोमध तोललेले होते, एक टोक या धुऱ्यावर, दुसरं त्या धुऱ्यावर. एक पारडं गेल्यावर दांडीला अर्थ उरत नाही. म्हणून ती सगळी मांडणी उतरवली. आता उरलेला धुरा पुढे, मधल्याच्या जागी येईल आणि त्यावर साधे पाटे, दोन्ही टोकांना चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, टांगलेले.

(दृश्य: ड्रिल, नवे हँगर, चासीची शेपटी कापताना ठिणग्या)

पाटे टांगायच्या हँगरची भोकं चासीच्या उभ्या बाजूत पाडली जाताहेत. वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना मिस्तरी हात लावू देत नाहीत, कारण वजनाचा ताण सगळ्यात जास्त तिथेच येतो. चासी मधून कापून जोडलेलीही नाही. कापली ती फक्त मागची शेपटी, आणि शेवटची आडवी पट्टी पुढे आणून बोल्टनं कसली. लोखंडाचा मूळ जोर होता तसा राहिला. घाईत चासी मधोमध कापून वेल्डिंग मारणारे पुष्कळ आहेत. हे काम तसं नाही, आणि हा फरक बघणाऱ्यानं नीट बघावा.

(दृश्य: लेथवर प्रोपेलर शाफ्ट)

गाडी आखूड झाली, इंजिनाची ताकद धुऱ्यापर्यंत नेणारा शाफ्ट मात्र लांब करावा लागला. मधल्या धुऱ्याचं तोंड खूप पुढे आलेलं होतं. त्याच जागी बसलेल्या साध्या धुऱ्याचं तोंड तेवढं पुढे येत नाही, जुना शाफ्ट पोचत नाही. दोन शाफ्टांचा एक करताना दोन्ही टोकांचे योक, म्हणजे सांध्याचे दुबेळके, एका रेषेत ठेवावे लागतात, नाहीतर वेग धरला की गाडी थरथरते. मिस्तरी दोन्ही योक सपाट टेबलावर ठेवून डोळ्यानं बघतात, मग गुण्या लावून. आयटीआयच्या वर्गात हे प्रात्यक्षिक व्हायला हवं, आणि ते करून दाखवायला यांना बोलवायला हवं.

(दृश्य: ब्रेकच्या नळ्या, पहिली चाचणी)

काढलेल्या धुऱ्याच्या ब्रेकच्या नळ्या बंद केल्या, हवा भरून गळती तपासली.

मागे दोन धुऱ्यांवर बसणारं वजन आता एकावर, म्हणून माल जवळपास निम्माच भरायचा. आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ घडणीत असा बदल करू देत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं. म्हणून ही गाडी बागेतच चालेल, डांबरी रस्त्याच्या कडेला माल उतरवून मागे फिरेल.

(दृश्य: चिखलात वळणारा ट्रक, केळीचे घड भरताना)

ओळीच्या टोकाला एका दमात वळली. पुढची आणि मागची, चारही चाकं ओढताहेत. हौद्यात केळीची पानं अंथरली आहेत, घड त्यावर आडवे.

निघालेला मधला धुरा भंगारात गेलेला नाही. त्याचे हब, ब्रेक ड्रम आणि बेअरिंग शेवटच्या धुऱ्याला जसेच्या तसे बसतात. ते धुऊन, ग्रीस लावून मिस्तरींनी गॅरेजमध्ये ठेवले आहेत.