सूस: ब्राझीलचा सरकारी दवाखाना आणि त्याच्याभोवती फिरणारा पैसा

[दृश्य: रात्रीचा विमानतळ. मालवाहू पट्ट्यावरून सरकणारी पांढरी खोकी.]

२२ जानेवारी २०२१. मुंबईहून एक विमान निघालं. त्यात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले कोव्हिशील्डचे वीस लाख डोस होते. मुक्काम होता रिओ दि जानेरो.

त्याच्या आठवडाभर आधी, ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाऊस शहरात रुग्णालयांतला ऑक्सिजन संपला होता. नातेवाईक सिलिंडर शोधत वणवण फिरत होते. तेव्हाचे अध्यक्ष बोल्सोनारो यांनी विमान निघालं त्या दिवशी एक चित्र समाजमाध्यमावर टाकलं. द्रोणागिरी उचलून निघालेला मारुती, आणि सोबत दोन शब्द: धन्यवाद, भारत.

ते चित्र आपल्याकडे घरोघरी पोचलं. विमान उतरल्यानंतरची गोष्ट मात्र पोचली नाही.

खोकी गेली रिओच्या उत्तर भागातल्या मान्गिन्योस या ठिकाणी, फियोक्रूझ या संस्थेत. तिथे त्यांची तपासणी झाली, त्यांवर पोर्तुगीज लेबलं लागली आणि लगेच ती देशभर रवाना झाली. भारताच्या अडीचपटीहून मोठा देश, आणि लस टोचून घ्यायला कुणालाही एक पैसा द्यावा लागला नाही. हे ज्या सरकारी आरोग्यव्यवस्थेमुळे जमलं तिचं नाव एस-यू-एस. ब्राझीलची माणसं तिला नुसतं ‘सूस’ म्हणतात.

ब्राझीलच्या आरोग्यक्षेत्रात आज जगभरातून पैसा येऊ पाहतोय. त्या पैशाबद्दल आपण बोलणार आहोत. पण सुरुवात सूसपासूनच करावी लागेल.

[दृश्य: मान्गिन्योसचा टेकडीवरचा मनोऱ्यांचा वाडा. नक्षीदार कमानी, आत जुनी काचपात्रं.]

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्याच साथीची लाट तीन वर्षांनी समुद्रमार्गे ब्राझीलच्या सांतोस बंदरात पोचली. लस आणि सीरम युरोपातून मागवायचं तर किती दिवस वाट पाहायची? म्हणून १९०० मध्ये रिओजवळच्या एका शेतजमिनीवर सीरम बनवणारी संस्था उभी राहिली. तीच आजची फियोक्रूझ. पुढच्याच वर्षी साओ पावलोमध्ये बुतान्तान ही दुसरी संस्था निघाली.

फियोक्रूझला ज्यांचं नाव दिलंय ते ओस्वाल्दो क्रूझ तेव्हा तिशीतले डॉक्टर होते. १९०४ मध्ये त्यांच्या आग्रहावरून देवीची लस सक्तीची झाली आणि रिओ पेटलं. लोकांनी ट्राम उलथवल्या, रस्त्यांत अडथळे रचले. जवळपास तीस माणसं मेली. सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली.

त्याच देशात १९८६ मध्ये पोलिओच्या मोहिमेसाठी एक पांढराशुभ्र थेंबबाहुला आला, झे गोतिन्या. मुलं त्याला बघायला आईचा हात ओढत लसीकरण केंद्रावर नेऊ लागली. १९८९ नंतर ब्राझीलमध्ये पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही. दंगलीपासून या बाहुल्यापर्यंतची ऐंशी वर्षं मला या देशाच्या आरोग्याच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा काळ वाटतो. विश्वास असा हळूहळू साठत गेला.

[दृश्य: १९८०च्या दशकातली कृष्णधवल छायाचित्रं. सभागृह, फलक, गर्दी.]

तोवर सरकारी उपचार मिळायचे ते पगारातून विम्याचा हप्ता कापला जाणाऱ्यांना. शेतमजूर, मोलकरीण, फेरीवाला यांच्या नशिबी धर्मादाय रुग्णालय. १९६४ ते १९८५ देशावर लष्कराचं राज्य होतं. ते गेलं आणि पुढच्याच वर्षी राजधानी ब्राझिलियात आठवी राष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. अध्यक्ष होते सर्जियो अरौका, फियोक्रूझचेच डॉक्टर. हजारो माणसं जमली. त्यांत डॉक्टर होते, तसे कामगार संघटनांचे आणि वस्त्यांतले कार्यकर्तेही होते. मागणी एकच: आरोग्य हा प्रत्येकाचा हक्क.

१९८८ च्या नव्या राज्यघटनेच्या १९६ व्या कलमात ती मागणी जवळपास जशीच्या तशी उतरली. आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि शासनाचं कर्तव्य. १९९० मध्ये कायदा झाला आणि सूस सुरू झाली. ताप असो वा कर्करोग, रुग्णाला पैसे नाहीत. खासगी विमा असलेला श्रीमंत माणूससुद्धा मूत्रपिंड बदलायची वेळ आली की बहुतेक वेळा सूसच्याच यादीत नाव घालतो, कारण देशातली बहुतांश अवयवरोपणं तिच्याच पैशातून होतात.

[दृश्य: लाल मातीची वस्ती. निळं जाकीट घातलेली एक बाई दार वाजवते आहे.]

या व्यवस्थेचा कणा मात्र मोठ्या रुग्णालयांत सापडत नाही. तो इथे आहे, या दाराशी.

१९८७ मध्ये ईशान्येकडच्या सिआरा राज्यात भीषण दुष्काळ पडला होता. लोकांच्या हाताला काम द्यायचं म्हणून राज्याने गावातल्याच हजारो बायकांना नेमलं आणि आरोग्याचं साधं शिक्षण दिलं. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईला कधी तपासणीला न्यायचं, कुणाचा डोस राहिला. दुष्काळ सरला, पण बायका कामावर राहिल्या. पुढे हीच पद्धत देशभर गेली आणि १९९४ पासून कुटुंब-आरोग्य पथकं आली: एक डॉक्टर, एक परिचारिका, तिच्या सहायक आणि या घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या. एका पथकाकडे साधारण दोन ते साडेतीन हजार माणसं.

आज अशा अडीच लाखांहून जास्त कार्यकर्त्या आहेत. आपल्या आशाताईंचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. फरक एवढाच की ब्राझीलने २०२२ मध्ये घटनादुरुस्ती करून या बायकांचा किमान पगार देशाच्या किमान वेतनाच्या दुप्पट ठरवला. आशाताई आझाद मैदानात मानधनासाठी बसतात तेव्हा मला ही दुरुस्ती हटकून आठवते.

१९९० मध्ये ब्राझीलमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पन्नासच्या आसपास वर्षभरात दगावत. आता तो आकडा तेराच्या जवळ आहे. स्वच्छ पाणी, मुलींचं शिक्षण, वाढतं उत्पन्न यांचाही त्यात वाटा आहे. पण दार वाजवणाऱ्या या बाईचा वाटा कुणी नाकारत नाही.

[दृश्य: साओ पावलो, उंचावरून. एका बाजूला पोहण्याचे तलाव असलेल्या इमारती, भिंतीपलीकडे पराइसोपोलिस या गरीब वस्तीतली विटांची दाटी.]

आता पैशाकडे येऊ.

२०२१ मध्ये ब्राझीलने आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९.७ टक्के खर्च केला. एखाद्या श्रीमंत युरोपीय देशाला शोभेल असा हा आकडा. पण त्यातले सरकारचे फक्त ४ टक्के. उरलेले ५.७ टक्के लोकांच्या खिशातून आणि खासगी विम्यातून. वीस कोटींच्या देशात खासगी विमा आहे सुमारे पाच कोटी लोकांना. चौघांत एकाला. म्हणजे घटनेने सगळ्यांना हक्क दिला, पण तिजोरी त्या मानाने उघडली नाही. तपासणीची, शस्त्रक्रियेची वाट पाहण्यात महिनेच्या महिने जातात. ज्याला परवडतं तो विमा काढतो.

गुंतवणूकदाराला दिसतं ते हे अंतर.

हा विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. २०१४ नंतरच्या मंदीत नोकऱ्या गेल्या तसे तीसेक लाख लोक विम्यातून बाहेर पडले आणि सूसच्या रांगेत येऊन उभे राहिले. ब्राझीलच्या खासगी रुग्णालयात पैसा घालणारा माणूस खरं तर तिथल्या रोजगारावर पैज लावत असतो.

घटनेने रुग्णालयांमध्ये परदेशी भांडवलाला जवळजवळ मनाई केली होती. जानेवारी २०१५ च्या कायद्याने ते दार उघडलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या कार्लाइल आणि सिंगापूरच्या जीआयसी या गुंतवणूक संस्थांनी रेजी दॉर या रुग्णालयसाखळीत हिस्सा घेतला. एका हृदयरोगतज्ज्ञाने १९७७ मध्ये रिओत काढलेल्या तपासणी केंद्रातून ही साखळी वाढली. डिसेंबर २०२०, कोविड ऐन भरात असताना तिचे शेअर बाजारात आले आणि अकरा अब्ज रिआलहून (रिआल हे ब्राझीलचं चलन) जास्त रक्कम उभी राहिली.

ईशान्येच्या फोर्तालेझा शहरात दुसरी वाट निघाली होती. एका कर्करोगतज्ज्ञाने सुरू केलेली हापविदा ही कंपनी विमाही स्वतः विकते आणि रुग्णालय, प्रयोगशाळा, डॉक्टरही स्वतःचेच ठेवते. खर्च हातात राहतो, त्यामुळे हप्ता कमी. २०२२ मध्ये इंटरमेदिका या मोठ्या स्पर्धक कंपनीशी तिचं विलीनीकरण झालं. त्यानंतर व्याजदर चढत गेले आणि शेअरचा भाव कोसळला. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेचा दर २०२५ मध्ये १५ टक्क्यांवर गेला. कर्ज काढून रुग्णालयं विकत घेण्याचा धंदा अशा दरात टिकणं फार अवघड.

आणि एक गोष्ट ब्राझीलकडे आशेने बघणाऱ्या प्रत्येकाने नीट ऐकावी. २०१२ मध्ये अमेरिकेची युनायटेडहेल्थ ही बलाढ्य कंपनी आमिल ही विमा कंपनी घ्यायला आली. व्यवहार सुमारे ४.९ अब्ज डॉलरचा. त्या वेळी एका डॉलरला दोन रिआल पडत. अकरा वर्षांनी कंपनीने गाशा गुंडाळला तेव्हा एका डॉलरला पाच रिआल पडत होते. तोटा दाखवला सुमारे सात अब्ज डॉलर. त्यातला मोठा भाग चलन घसरल्याचा. रुग्ण कमी नव्हते, आजार कमी नव्हते. तरीही.

[दृश्य: औषधाच्या दुकानातलं फडताळ. पिवळा पट्टा आणि ठळक ‘जी’ अक्षर असलेली खोकी.]

रुग्णालयांपेक्षा औषधांची वाट मला जास्त भरवशाची वाटते, आणि या वाटेवर भारताच्या पाऊलखुणा आहेत.

१९९६ च्या कायद्याने ब्राझीलने एचआयव्हीची औषधं सगळ्यांना मोफत केली. विकसनशील देशाला हे झेपणार नाही असं तेव्हा बड्या तज्ज्ञांचं मत होतं. ते झेपलं. १९९९ मध्ये जेनेरिक औषधांचा कायदा आला. त्याच वर्षी औषधांवर नजर ठेवणारी आन्विझा ही संस्था स्थापन झाली. मे २००७ मध्ये अध्यक्ष लुला यांनी एफाविरेन्झ या एचआयव्हीवरच्या औषधाचं पेटंट सक्तीच्या परवान्याने, म्हणजे मूळ कंपनीच्या संमतीशिवाय ते औषध दुसऱ्यांकडून घेण्याच्या मुभेने, बाजूला सारलं. मूळ कंपनीची गोळी १.५९ डॉलरला पडत होती, भारतातून येणारी सुमारे ४५ सेंटला. दोन वर्षं भारतातून गोळ्या आल्या आणि २००९ पासून फियोक्रूझच्या कारखान्यात त्या बनू लागल्या.

भारतीय कंपन्या तिथे आता पाहुण्या राहिलेल्या नाहीत. टोरेंट, झायडस, ग्लेनमार्क कधीच्या रुळल्या. मुंबईच्या ल्युपिनने २०१५ मध्ये मिनास जेराइस राज्यातली मेदकीमिका ही कंपनी घेतली. पण सोपं काहीच नाही. आन्विझाची तपासणी कडक असते, नोंदणीला वेळ लागतो आणि औषधाची कमाल किंमत सरकार ठरवतं. सूस मात्र खूप मोठा ग्राहक आहे आणि तो कायमचा आहे. माझ्या मते ब्राझीलमधली गुंतवणूक समजून घ्यायची किल्ली हीच. सूसला बाजूला ठेवून तिथे धंदा मांडता येत नाही.

सूसच्या एका दुखण्यातच मोठी संधी दडलेली आहे. ब्राझीलमध्ये औषधं बनतात, पण त्यांचा मूळ घटक, म्हणजे कच्चा माल, नव्वद टक्क्यांच्या आसपास बाहेरून येतो. मुख्यतः चीन आणि भारतातून. २०२१ च्या सुरुवातीला चीनहून लसीचा घटक उशिरा आला आणि मान्गिन्योसची यंत्रं तयार असूनही थांबून राहिली. तो चटका देश विसरला नाही. सूसला लागणाऱ्या औषध-उपकरणांपैकी ७० टक्के २०३३ पर्यंत देशातच बनवायचं उद्दिष्ट सरकारने ठरवलं आहे. म्हणजे तयार गोळ्या जहाजात भरून पाठवणाऱ्यापेक्षा तंत्रज्ञान घेऊन तिथे कारखाना काढणाऱ्याला यापुढे जास्त मान मिळेल. आपल्या औषध उद्योगाने हा बदल वेळीच ओळखायला हवा.

[दृश्य: बुतान्तान. प्रयोगशाळेतली काचेची खिडकी, आत पांढऱ्या पोशाखातली माणसं.]

२०२४ मध्ये ब्राझीलने डेंग्यूचा हाहाकार पाहिला. एका वर्षात साठ लाखांहून अधिक संशयित रुग्ण. नोव्हेंबर २०२५ मध्ये बुतान्तानने स्वतः घडवलेल्या, एकाच डोसच्या लसीला मान्यता मिळाली. सापाच्या विषावरचं औषध आणि प्लेगचं सीरम करणारी जुनी सरकारी संस्था इथवर आली.

दुसरीकडे देश म्हातारा होतोय. २०१० मध्ये ६५ वर्षांवरचे लोक ७.४ टक्के होते. २०२२ च्या जनगणनेत १०.९ टक्के. गुडघे, मोतीबिंदू, मधुमेह, स्मृतिभ्रंश. घरी येऊन शुश्रूषा करणाऱ्यांची गरज झपाट्याने वाढते आहे आणि त्यासाठीची घडी अजून नीट बसलेली नाही. २०२२ च्या कायद्याने दूरवैद्यक सेवेला, म्हणजे डॉक्टरने दुरूनच रुग्ण पाहण्याला, कायमची परवानगी मिळाली आहे. डॉक्टर मात्र अजूनही साओ पावलो, रिओ अशा दक्षिणेकडच्या शहरांतच दाटले आहेत. उत्तरेत, नदीच्या काठी, ते नाहीत. खासगी पैसाही तिथे जात नाही, कारण तिथे विमा असलेली माणसं नाहीत.

तिथे सूसची बोट जाते.

[दृश्य: पहाट. मातकट पाण्यावर पांढरी दुमजली बोट. तिच्यावर आरोग्यकेंद्राचं निळं चिन्ह.]

बोटीत डॉक्टर आहे, दंतवैद्य आहे, छोटी प्रयोगशाळा आहे, औषधांचं कपाट आहे, लसींची शीतपेटी आहे. धक्का म्हणजे एक फळी. तिच्यावरून एक म्हातारी नातवाचा हात धरून चढते. परिचारिका तिचा रक्तदाब घेते, मुलाचं लसीचं कार्ड मागते. कार्ड पावसात भिजलंय. ती ते उन्हात वाळत घालते आणि शीतपेटीचं झाकण उघडते.