मालक नसलेली विमा कंपनी

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत १८७० साली 'बॉम्बे म्युच्युअल लाइफ अ‍ॅश्युरन्स सोसायटी' निघाली. म्युच्युअल म्हणजे परस्परांची. या संस्थेला भागधारक नव्हते. ज्यानं विमा उतरवला तोच सभासद, आणि सगळे सभासद मिळून संस्थेचे धनी. ही कल्पना त्या काळच्या मुंबईकराला का पटली असेल आणि तिचा हिशेब कसा चालायचा, ते आज पाहू.

त्या वेळी आयुर्विम्याचा धंदा मुख्यतः इंग्रज कंपन्यांच्या हातात होता. त्या हिंदी माणसाचा विमा एक तर घेतच नसत, किंवा घेतला तर जादा हप्ता लावून. गोऱ्या साहेबाला आणि त्याच्याच कचेरीतल्या धडधाकट कारकुनाला वेगळा दर. बॉम्बे म्युच्युअलनं हिंदी माणसाला नेहमीच्या दरानं विमा दिला. नुसत्या या एका गोष्टीसाठीही तिचं नाव आदरानं घ्यायला हवं.

दुसरं कारण मुंबईच्या ताज्या जखमेत होतं, असं मला वाटतं. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५मध्ये संपलं, त्या युद्धामुळे चढलेले मुंबईच्या कापसाचे भाव कोसळले आणि शेअरबाजाराचा फुगा फुटला. पाठोपाठ १८६८मध्ये जुनी बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. १८६९मध्ये लंडनची अल्बर्ट ही विमा कंपनी बुडाली. तिचे विमेदार हिंदुस्थानातही होते. शेअर म्हटलं की धडकी भरावी, अशा शहरात 'इथे शेअर नाहीत, नफा तुमचाच' हे शब्द किती आश्वासक वाटले असतील!

पण नफा तुमचाच म्हणजे नेमकं काय? समजुतीपुरते आकडे घेऊ. पस्तिशीच्या हजार माणसांनी प्रत्येकी १,००० रुपयांचा विमा उतरवला आणि वार्षिक हप्ता २८ रुपये ठरला. वर्षाला २८,००० रुपये जमले. मृत्यू-सारणीप्रमाणे, म्हणजे कोणत्या वयाला हजारात किती माणसं दगावतात याच्या तक्त्याप्रमाणे, त्या वर्षी ११ मृत्यू धरले होते, प्रत्यक्षात ९ झाले. दोन दाव्यांचे साधारण २,००० रुपये वाचले. साठलेला निधी एक लाखाचा. त्यावर ३ टक्के व्याज धरलं होतं, मिळालं ४ टक्के, म्हणजे आणखी १,००० आले. खर्चासाठी प्रत्येक हप्त्यात ४ रुपये धरले होते, लागले ३ रुपये २० पैसे, त्या काळच्या भाषेत ३ रुपये ३ आण्यांच्या थोडं वर. तिथं ८०० उरले. एकूण ३,८०० रुपये शिल्लक. भागधारकांच्या कंपनीत यातला वाटा आधी लाभांशाकडे जातो. म्युच्युअलमध्ये विमागणिती, म्हणजे विम्याचा हिशेब मांडणारा तज्ज्ञ, दर काही वर्षांनी मूल्यांकन करतो आणि शिल्लक विमेदारांना बोनस म्हणून लावतो. हा बोनस बहुधा विम्याच्या रकमेत मिळवत, रोख देत नसत. ती रक्कम पुढे कधीतरी द्यायची असल्यामुळे आजच्या एका रुपयात, मधल्या वर्षांचं व्याज धरून, दोन-अडीच रुपयांची वाढ देता येते.

आता परस्पर साहाय्याच्या नावानं जे बुडलं, तेही सांगायला हवं. आपल्याला भिशी माहीत आहे. तशाच थाटाचे वर्गणीचे फंड निघाले होते. पाचशे सभासद, कुणी दगावला की प्रत्येकानं एक रुपया द्यायचा, घरच्यांना ५०० रुपये. मंडळी तरुण असतात तेव्हा वर्षाला चार-पाच मृत्यू होतात, चार-पाच रुपयांत काम भागतं. वीस वर्षांनी तीच मंडळी पन्नाशीला येते. वर्षाला बारा-पंधरा वेळा वर्गणी मागावी लागते. नवा तरुण म्हणतो, म्हाताऱ्यांचा भार मी का उचलू? तो येतच नाही, निरोगी जुने गळतात, सभासद तीनशेवर येतात आणि विधवेच्या हाती ३०० रुपयेच पडतात. कुणी पैसे खाल्ले नाहीत तरी फंड बुडतोच, कारण गाठीला काही साठवलेलंच नसतं. खऱ्या आयुर्विम्यात तरुणपणी जोखमीपेक्षा जास्त हप्ता घेतात. तो जादा पैसा व्याजानं वाढतो आणि उतारवयातली तूट भरून काढतो. अशा छोट्या फंडांसाठी आणि विमा कंपन्यांसाठी १९१२मध्ये दोन कायदे झाले. पुढे १९३८च्या विमा कायद्यानं जमलेली वर्गणी वाटून टाकण्याच्या तत्त्वावरच्या विम्याला मनाईच केली.

म्युच्युअलची कमजोरीही लपवू नये. सुरुवातीला सभासद थोडे असतात आणि पाठीशी भांडवल नसतं. पहिल्याच वर्षांत एखादी साथ आली तर धक्का सोसायला कुणी नाही. धनी गावोगाव विखुरलेले, वार्षिक सभेला येणार किती? मग कारभार मूठभर संचालकांकडे राहतो.

वयाचा घोळ तर पाचवीला पुजलेला. जन्मदाखला क्वचितच असायचा, मग जन्मपत्रिका किंवा शाळेतली नोंद दाखवायची. वय कमी सांगितलं, ३०च्या जागी २५ रुपये हप्ता भरला आणि मृत्यूनंतर ते उघड झालं, तर २५ रुपयांत खऱ्या वयाला जेवढा विमा मिळाला असता तेवढीच रक्कम हाती येई. हजाराच्या जागी ८३३ रुपये ५ आणे ४ पै. म्हणून शहाणा माणूस हयातीतच पुरावा देऊन 'वय मान्य' असा शेरा मारून घेई.

आणि पैसे येऊन कुणाच्या हाती पडतात? आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत नाजूक होता. एकत्र कुटुंबातल्या विधवेला १९३७पूर्वी पोटगीपलीकडे फारसा हक्क नव्हता. दीर म्हणे पैसा घराचा, सावकार म्हणे माझा. १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्यातलं कलम ६ इथे कामाला येतं. पत्नीच्या, किंवा पत्नी आणि मुलांच्या हितासाठी, असं पॉलिसीवर स्पष्ट लिहिलं असेल तर ती रक्कम त्यांच्यासाठी विश्वस्त निधी ठरते. मग ती पतीच्या मालमत्तेत धरली जात नाही आणि सावकारालाही मिळत नाही. मात्र मद्रासबाहेरच्या हिंदू, मुसलमान, शीख आणि जैनांना हे संरक्षण १ एप्रिल १९२३पासून घेतलेल्या पॉलिसींनाच मिळालं. नुसतं वारस म्हणून नाव लावलं की झालं, असं अनेकांना वाटतं. २०१५च्या कायद्यातल्या दुरुस्तीआधी तसं नव्हतं. नाव लावलेली व्यक्ती पैसे स्वीकारत असे, तेवढ्यानं ती मालक होत नसे.

अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरूनच देशाला राष्ट्रीयीकरणाचा निर्णय सांगितला. १ सप्टेंबर १९५६पासून बॉम्बे म्युच्युअलसह सर्व आयुर्विमा कंपन्यांचं घेणं-देणं आयुर्विमा महामंडळाकडे गेलं. म्हणून आजोबांच्या ट्रंकेत अशी जुनी पॉलिसी सापडली, तर आधी तीन गोष्टी पाहा: ती 'नफ्यासह', म्हणजे बोनस मिळणारी, आहे की 'नफ्याविना', वय मान्य झाल्याचा शेरा आहे का, आणि पत्नी-मुलांच्या हिताचं ते वाक्य कुठे लिहिलं आहे का.

नमस्कार.