एक खोली, चार इयत्ता

मंडळी, एकशिक्षकी शाळा म्हटलं की आपण 'गैरसोय' म्हणून मोकळे होतो. पण आपल्या खेड्यांत शिकणं सुरू झालं तेच अशा शाळेतून. देवळाची ओवरी, चावडी नाहीतर एखाद्या वाड्याची पडवी, आणि एक पंतोजी. वेतन बहुधा धान्यात, सणावाराला शिधा. इयत्ता नव्हत्याच, त्यामुळे एक मास्तर चार वर्ग कसे सांभाळणार हा प्रश्नही नव्हता.

नवं पोर धूळपाटीवर बसायचं. लाकडी फळीवर विटेची बारीक भुकटी पसरायची, काडीनं अक्षर काढायचं, हातानं पुसायचं. खर्च शून्य. पावसाळ्यात मात्र भुकटी ओल धरून गोळा होते आणि अक्षर उमटत नाही. हात बसला की बोरू, आणि मग मोडी. शाळा सुटायच्या आधी उजळणी: एक मोठा मुलगा म्हणणार, बाकीचे मागून. पाढे अपूर्णांकांचेही: पावकी, निमकी, पाऊणकी, सवाई, दीडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन; अकरा औट किती, तर साडेअडतीस. हे उगाच पाठांतर नव्हतं. चाळीस शेरांचा मण, सोळा आण्यांचा रुपया, पेरणीला उचललेलं धान्य सवाईनं फेडायचं. हिशेब अपूर्णांकातच होता. 1957 साली दशमान नाणी आली आणि औटकीचं कामच संपलं.

मोठ्यानं लहानाला शिकवायचं, ही त्या खोलीची खरी यंत्रणा. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्यानं मद्रासच्या अनाथालयात वाळूत अक्षरं गिरवण्याची इथली रीत उचलली, तिच्या जोडीला मोठ्या मुलांकरवी शिकवणं बसवलं आणि ती पद्धत इंग्लंडला नेली.

त्या खोलीचं गुणगान मात्र जपून करावं. देवळात भरणारी शाळा कुणाला बंद होती, हे सांगायला नको. मुलीही जवळजवळ नव्हत्या. 1863 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा 'लोकल फंड' नावाचा जादा कर बसला, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. पैसा कुणब्याचा, शाळेत पोरं भटा-वाण्यांची, ही जोतीराव फुल्यांची तक्रार. 1882 साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, असं मांडलं. सक्तीचा कायदा केला तो कोल्हापुरात शाहू महाराजांनी, 1917 मध्ये. दोन वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्यांना एका खोलीत बसवण्याचा हुकूमही त्यांनीच काढला.

अडचण सुरू झाली ती सरकारी इयत्ता आल्यावर. पुस्तकं चार, परीक्षा चार, दिपोटींची, म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांची, तपासणी इयत्तावार, आणि मास्तर एकच. हिशेब करा. शिकवायचे तास पाच, म्हणजे 300 मिनिटं. चार इयत्तांत वाटली की प्रत्येकीला 75. उरलेली 225 मिनिटं मुलांनी आपापली काढायची.

कसबी शिक्षक ती कशी काढतो? एका वेळी तोंडी काम एकाच इयत्तेचं. तिसरीची कविता आणि दुसरीचं शुद्धलेखन एकदम लावलं, की दोन्ही बुडाली. पहिली फळ्याजवळ, चौथी मागच्या भिंतीशी. भिंतीच्या तळाला, मुलांचा हात पोचेल इतपत, काळा पट्टा रंगवायचा. प्रत्येकाला स्वतःचा फळा मिळतो आणि उभ्या उभ्या चुका दिसतात. खरी ओढाताण पहिलीची. तिला वाचता येत नाही, म्हणून मुकाट करायचं कामही देता येत नाही. चिंचोके मोजून दहा-दहाचे ढीग लावायला दिले तर थोडा वेळ मिळतो, पुढे चिंचोके उडायला लागतात. चौथीतलं कुणी मदतीला बसवावं, पण रोज तेच नको. त्याचं गणित मागं पडतं आणि घरचे विचारतात, आमचं पोर शिकायला येतं की शिकवायला?

1987 च्या खडू-फळा मोहिमेनं किमान दोन खोल्या, दोन शिक्षक हे सूत्र धरलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. तरी पहिली-दुसरी एकाकडे आणि तिसरी-चौथी दुसऱ्याकडे, म्हणजे जोडवर्ग राहतोच. त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की त्या दिवशी शाळा पुन्हा एकशिक्षकी.