धुक्यात वेळ चुकते तेव्हा

नमस्कार मंडळी. मी गाडी चालवत नाही, शेजारच्या सीटवर मांडीवर रोडबुक, म्हणजे वाट सांगणारी वही, घेऊन बसते. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते नॅव्हिगेटरच्या बाजूने, आणि तेही थंडीतल्या रात्रीच्या रॅलीबद्दल. नॅव्हिगेटरचा कस लागतो तो तिथेच.

पुण्यात हौशी मंडळी करतात ती बहुतेक टीएसडी रॅली, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स. रस्ता रहदारीला खुला असतो आणि वाहतुकीचे सगळे नियम लागू असतात. आयोजक सरासरी वेग नेमून देतात, ताशी ३०, ३६, ४० असा. कुठल्या सेकंदाला कुठे असायला हवं हे त्यावरून ठरतं. टाइम कंट्रोल, म्हणजे वेळ नोंदवायची जागा, कुठे आहे हे मात्र सांगत नाहीत. मार्शल एखाद्या वळणापलीकडे बसलेला असतो, तुम्ही आलात की वेळ लिहितो. उशीर झाला की दंड, लवकर पोहोचलात तरी दंड, आणि कित्येक रॅलींत लवकर येण्याचा दंड जास्त.

ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर. हा आकडा पाठ ठेवा, रात्रभर कामाला येतो. दुसरं काम सुरुवातीलाच करायचं. आयोजकांनी मोजून दिलेल्या अंतरावर आपला ट्रिपमीटर किती दाखवतो ते पाहायचं. फरक २ टक्के निघाला आणि तुम्ही तो सोडून दिलात, तर ५० किलोमीटरला १ किलोमीटर चुकतो. ताशी ४० च्या सरासरीने ते झाले ९० सेकंद.

रोडबुकात प्रत्येक फाट्याचं छोटं चित्र असतं, त्याला ट्यूलिप म्हणतात. खालच्या ठिपक्यावरून यायचं, बाणाच्या टोकाकडे जायचं. दिवसा हे सोपं वाटतं. इंग्लंडमधल्या हिवाळी रॅलीत नॅव्हिगेटर १:५०,००० च्या नकाशावर वाट शोधतात, आणि डांबरावर न दिसणारा बर्फ असतो. आपल्याकडे बर्फ नाही. पण धुकं आहे, दव आहे, आणि ऊस आहे.

पौडहून कोळवण खोऱ्यातून तिकोना पेठेकडे, पुढे पवनानगरला जाणारा रस्ता घ्या. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने थंड होते, गार हवा खोऱ्यात उतरून साचते, धरणाच्या पाण्याची ओल असतेच. वारा पडला की पहाटेकडे धुकं दाटतं. तिथे अप्पर मारलात तर प्रकाश थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोरचं सगळं पांढरं होतं. डिपर ठेवायचा. फॉगलॅम्प बंपरच्या खालच्या बाजूला असतात ते त्यांचा झोत धुक्याखालून रस्त्यावर पडावा म्हणून. काचेला आतून वाफ धरते ती आपल्याच श्वासाची. हीटरसोबत एसीही चालू ठेवा, एसी हवेतली ओल काढून घेतो. आणि धुळीवर दव पडलं की वळणावर टायर सरकतो.

सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती या बाजूला धुक्यापेक्षा ऊस जपायचा. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेले, मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या. पहाटे बैलगाड्यांची रांग लागते, तिला दिवा नसतोच. ती माणसं त्या थंडीत पोटापाण्यासाठी रस्त्यावर आहेत, आपण हौस म्हणून. त्यांच्यामागे हॉर्न वाजवणाऱ्या जोडीला माझ्या मते रॅलीत जागा नसावी.

आता ज्यासाठी मुद्दाम आले ते सांगते. धुक्यात गेलेली वेळ रस्त्यावर भरून काढू नका. हिशेब बघा. सरासरी ४० ची असताना तुम्ही ३ किलोमीटर ताशी २० ने काढलेत, तर साडेचार मिनिटं मागे पडलात. पुढे ताशी ५० ने हाणलीत, तर किलोमीटरमागे १८ सेकंद हाती लागतात, म्हणजे तूट भरायला १५ किलोमीटर लागणार. त्या १५ किलोमीटरमध्ये धुक्याचा आणखी एखादा पट्टा आहे, ट्रॉली आहे, गाव आहे. मार्शलने लिहिलेला दंड घ्या. अनेक रॅलींत पुढच्या टप्प्याची वेळ नव्याने सुरू होते, म्हणजे तूट तिथेच संपते. हे नियमपत्रकात निघण्याआधी वाचून ठेवायचं.

वेग कमी करायला सांगण्याचा हक्क नॅव्हिगेटरचाच हवा, कारण चालवणाऱ्याला आपण किती वेगात आहोत हे धुक्यात उमगत नाही. बाजूला झाडंच दिसत नाहीत, मग वेग कशावरून जाणवणार? २० मीटरपुढचं दिसत नसेल आणि गाडी ताशी ४० ने जात असेल, तर पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच्या सेकंदात ११ मीटर जातात. उरलेल्या ९ मीटरमध्ये ओल्या रस्त्यावर गाडी थांबेल याचा भरवसा नाही. म्हणून आमच्या गाडीत एक शब्द ठरलेला आहे. रस्त्याकडेचा पुढचा पांढरा दगड दिसेनासा झाला की मी "वीस" म्हणते, आणि चालवणारा काही न विचारता विसावर येतो. किती सेकंद गेले ते मी त्याला पुढच्या कंट्रोलनंतर सांगते, आधी नाही.